वस्तीला आलेली पाहुणी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ९.

या अध्यायात सातव्या श्लोकापासून अकराव्यापर्यंत भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. मानाची हाव नको, दंभ नको, अहिंसा हवी, क्षमा हवी, सरळपणा हवा, गुरूची सेवा हवी. इथपर्यंत आपण मान डोलावत वाचतो. जमत नसलं तरी पटतं. मग नववा श्लोक येतो. मुलगा, पत्नी, घर यांच्या ठिकाणी आसक्ती नसणं आणि ‘अनभिष्वंग’ असणं, हेही ज्ञानाचं लक्षण! इथे मान डोलायची थांबते. पुत्र म्हणजे फक्त मुलगा असं म्हणून मुलींच्या आयांना सुटता येत नाही. पुढे ‘आदी’ आहेच, त्यात सगळी माणसं आली.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या रोजच्या वाचनात हा श्लोक आला तेव्हा आमच्या घरात पाळणा टांगायची तयारी चालली होती. ताई पहिल्या बाळंतपणासाठी बंगळुरूहून माहेरी पुण्याला आली होती. आजीने जुन्या मऊ सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली होती. मी श्लोक वाचून दाखवला तर ताई पोटावर हात ठेवून म्हणाली, “अगं, हे वाचायला तुला हाच महिना सापडला का?”

विनोदाने म्हणाली, पण प्रश्न खराच होता. बाळावर जीव लावणं ही परमार्थातली अडचण आहे का? असेल, तर भक्त आईने काय करायचं? थोडं कमी प्रेम करायचं? आणि ते करायचं तरी कसं?

या प्रश्नातून निसटायच्या दोन सोप्या वाटा आहेत. पहिली : हे संन्याशांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. पण गीता सांगितली अर्जुनाला. तो संन्यासी नव्हता. बायकामुलांचा माणूस होता, आणि त्याची मुलं त्याच रणांगणावर होती. दुसरी वाट : वरवर सगळं करायचं, मनात मात्र ‘ही सगळी माया’ म्हणत कोरडं राहायचं. ही वाटही टिकत नाही. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू गेला. ज्याने स्वतः भगवंताच्या तोंडून गीता ऐकली, तो अर्जुन त्या संध्याकाळी पोराच्या दुःखाने कोसळला. तेव्हा श्रीकृष्ण त्याला ‘तेरावा अध्याय विसरलास का?’ असं म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला सावरलं, आणि सुभद्रेचंही सांत्वन केलं. म्हणजे रडू येणं हा काही या श्लोकाचा भंग नाही. मग श्लोक म्हणतो तरी काय?

मी ज्ञानेश्वरी उघडली. या जागी माऊलींनी जे दृष्टान्त दिलेत ते सगळे वाटेवरचे आहेत. वाटसरू मुक्कामाच्या जागी जसा टेकतो, तसं त्याचं देहात राहणं. चालता चालता लागलेल्या झाडाच्या सावलीबद्दल जेवढी आस्था, तेवढीच घराबद्दल. आणि मुलं? ती जणू वस्तीला आलेली पाहुणी, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं.

पहिल्यांदा वाचताना हे फार थंड वाटलं. पाळण्यातल्या जिवाला पाहुणा म्हणायचं! पण यंदाचा आमचा उन्हाळा सगळा वाटेवरच गेला, आणि एकेका मुक्कामी हे दृष्टान्त वेगळे दिसायला लागले.

एप्रिलमध्ये आई, बाबा आणि मी नेवासे-पैठण करून आलो. ताई आजीजवळ पुण्यातच थांबली. बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले, आणि नेवाशाला पैस खांबासमोर बसून थोड्या ओव्या वाचायच्या ही त्यांची फार जुनी इच्छा होती. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. प्रवरेकाठच्या त्या जागी बाबांनी तेराव्या अध्यायातल्या ओव्या वाचल्या. माझ्या आग्रहामुळेच.

रात्री पैठणला भक्तनिवासात मुक्काम. सकाळी निघताना आईने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खोली झाडायला लागली. बाबा म्हणाले, “अगं, ती माणसं झाडतील. तू कशाला?” आई म्हणाली, “अहो, आपल्यानंतर कोणीतरी येईलच की.”

मी तिथेच थबकले. मुक्कामाची जागा आपली नसते म्हणून ती घाण करून निघायची, असं कोणता चांगला वाटसरू करतो? खरा वाटसरू खोली नीट वापरतो, नळ बंद करतो, किल्ली परत देतो. फक्त भिंतीवर स्वतःचं नाव कोरत नाही. माऊलींच्या दृष्टान्तात निष्काळजीपणा कुठेच नाही. नाव कोरायची सवय तेवढी नाही.

मेच्या सुरुवातीला आत्याकडे कोकणात गेलो, राजापूरच्या बाजूला. आंबे, फणस, सतत येणारी-जाणारी माणसं. भर दुपारी आत्याच्या घरासमोरच्या वडाखाली पाच-सहा घरची गुरं येऊन बसायची, रवंथ करत. संध्याकाळी ज्याची त्याची गुरं आपापल्या गोठ्याकडे चालू लागायची. दुसऱ्या दिवशी सगळी पुन्हा हजर. मला एकदम ओवी आठवली. मुलं म्हणजे झाडाखाली बसलेली गुरं. मग आईबाप कोण? झाड! आतापर्यंत माझं सगळं लक्ष गुरांकडे होतं, ती उठून जाणार याच्याकडे. झाडाकडे मी पाहिलंच नव्हतं. ही संध्याकाळी जाणारच आहेत, म्हणून वड दुपारची सावली आखडती घेत नाही. कोणाचं गुरू आहे हे विचारत नाही. आणि गेल्यावर मागेही धावत नाही. याला कोरडेपणा म्हणायचं का? मला तरी म्हणवत नाही.

तिसरी भेट वाईची. आईची मावशी ९१ वर्षांची आहे. आता तिला माणसं ओळखू येत नाहीत. तिने आईला स्वतःच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या गेलेल्या आजीच्या नावाने हाक मारली. आई म्हणाली, “हं, बोल.” आणि तासभर त्याच नावाने तिच्याशी बोलत बसली, वेणी घालून दिली, हातावर साय-साखर दिली. परतताना मी विचारलं, “तुला वाईट नाही वाटलं?” आई म्हणाली, “वाटलं ना. पण मी तिला भेटायला गेले होते. तिने मला ओळखावं म्हणून नव्हते गेले.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

आता ‘अनभिष्वंग’ या शब्दाकडे येऊ. आदि शंकराचार्यांनी भाष्यात याचा फार नेमका अर्थ दिलाय. अभिष्वंग म्हणजे आसक्तीचाच एक प्रकार, ज्यात माणूस दुसऱ्याशी स्वतःला एक करून टाकतो. तो सुखी तर मी सुखी, तो दुःखी तर मी दुःखी. तो जगला तर मी जगलो, तो मेला तर मी मेलो. हे नसणं म्हणजे अनभिष्वंग.

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. कारण याच गीतेच्या सहाव्या अध्यायात, बत्तिसाव्या श्लोकात, भगवंत श्रेष्ठ योगी कोणाला म्हणतात? जो सगळीकडे सुख आणि दुःख स्वतःसारखंच पाहतो त्याला. एकीकडे म्हणायचं, दुसऱ्याचं दुःख आपलं माना. दुसरीकडे म्हणायचं, लेकराच्या दुःखाने दुःखी होऊन एकरूप होऊ नका. दोन्ही एकाच तोंडून! याची सांगड घालायची कशी?

मेच्या शेवटी बाळ आलं. मुलगी! ३७ आठवड्यांची, वजन २ किलो ४०० ग्रॅम. दोन्हीकडच्या आज्यांमध्ये लगेच नाकावरून बोलणी सुरू झाली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, “नाक आमच्याकडचं.” आई म्हणाली, “हो, पण कपाळ बघा.” मी नवी मावशी. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण कोणीतरी म्हणून दाखवलीच, आणि आजीने “काय अभद्र बोलता” म्हणून सगळ्यांना दटावलं.

तिसऱ्या दिवशी बाळाची कावीळ वाढली. नवजात बाळांना ही बऱ्याचदा होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, पण बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागणार होतं, एनआयसीयूमध्ये. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि टाचेला टोचून परत परत रक्त तपासणी. ताईला दर दोन-तीन तासांनी पाजायला आत बोलवायचे. पहिल्या दिवशी ती प्रत्येक वेळी रडत बाहेर यायची. तिला जेवण जाईना, झोप येईना. ती म्हणाली, “टोचतात तिला, आणि कळ माझ्या टाचेत येते.” शंकराचार्यांनी सांगितलेला अभिष्वंग हाच की! त्या क्षणी तिला कोणी श्लोक ऐकवला असता तर मी त्या माणसाला खोलीबाहेर काढलं असतं.

त्याच खोलीत आणखी पाच बाळं होती. एका काचेच्या पेटीत सातव्या महिन्यातच जन्मलेलं एक बाळ होतं, १ किलो ३०० ग्रॅमचं. नाकातून नळी. त्याची आई शिरूरच्या पुढच्या एका गावची. तिला दूध पुरेसं उतरत नव्हतं, आणि ती भिंतीला टेकून नुसती बसून असायची. ताईने पहिल्या दिवशी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईला दूध भरपूर आलं. आमचं बाळ दिव्याखाली गुंगीत, थोडंसं पिऊन झोपायचं. छाती दगडासारखी होऊन ताईला ताप भरल्यासारखं झालं. नर्सबाई म्हणाल्या, “तुमच्या बाळाचं पोट भरून उरतंय तेवढं पंपाने काढून मिल्क बँकेला द्याल का?”

मला याबद्दल काही माहिती नव्हती, मुद्दाम समजून घेतली. आईच्या दुधाची आशियातली पहिली बँक १९८९ मध्ये मुंबईला सायनच्या रुग्णालयात सुरू झाली. दूध देणाऱ्या आईचं रक्त आधी तपासतात. निरनिराळ्या आयांचं दूध एकत्र करून ते ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, तपासतात, मग उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. ज्या बाळाला गरज असेल त्याला ते जातं. आपलं दूध कोणत्या बाळाच्या पोटात गेलं हे देणाऱ्या आईला कळत नाही.

ताईने रक्त तपासून घेतलं आणि दूध द्यायला लागली. बाळ पेटीत होतं ते सगळे दिवस. एका रात्री पंपाजवळ बसल्या बसल्या ती मला म्हणाली, “गंमत बघ. दूध येतं ते हिच्यासाठी म्हणून. हिचं रडणं ऐकलं की पान्हा फुटतो. पण तो काही हिच्यापुरताच थांबत नाही.” मग ती उठून त्या शिरूरकडच्या बाईजवळ जाऊन बसली. तिच्या बाळाचं वजन विचारलं. त्या दिवशी ते २० ग्रॅमने वाढलं होतं. दोघी हसल्या.

माझ्या अडचणीचं उत्तर मला तिथे दिसलं, असं मला वाटतं. सहाव्या अध्यायातला श्लोक आणि तेराव्यातला श्लोक भांडत नाहीत. दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं हा दोष नाहीच. दोष आहे तो कुंपणाचा. फक्त ‘माझ्या’ बाळाच्या टाचेत सुई गेली की कळ येते, शेजारच्या पेटीकडे नजरही जात नाही, हे ते कुंपण. तेरावा अध्याय कुंपण काढायला सांगतो. ते निघालं की आतलं प्रेम आपोआप सहाव्या अध्यायाच्या दिशेने वाहायला लागतं. प्रेम आटवायचं नाही, वाट मोकळी करायची.

तुम्ही म्हणाल, पण आपल्या बाळाला आधी पाजलंच ना? हो, आणि पाजायलाच हवं. मिल्क बँकही तेच सांगते : आधी तुमचं बाळ, मग उरलेलं. पाहुणा ज्याच्या दारात उतरला, त्याला जेवू घालायचं काम त्या घराचं. शेजाऱ्याचं नाही. म्हणूनच मला आता ‘वस्तीला आलेली पाहुणी’ हा दृष्टान्त थंड वाटत नाही. आपल्या घरात पाहुण्याला कमी जपतात का? चांगली चादर त्याला, गरम पोळी त्याला. फक्त पाहुण्याला आपण म्हणत नाही, ‘तू आमच्या मनासारखं जग.’ कर्तव्य पूर्ण आपलं, मालकी नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट याच ठिकाणी उलगडते. राज्य सोडून आलेल्या भरताने नदीत वाहून जाणारं हरणाचं पाडस वाचवलं. पुढे त्याच्यातच जीव अडकला, मरताना तेच डोळ्यांसमोर, आणि पुढचा जन्म हरणाचा. लहानपणी ऐकताना वाटायचं, म्हणजे पाडस वाहून जाऊ द्यायला हवं होतं का? नाही. वाचवणं ही दयाच होती. गोष्ट बिघडली ती नंतर, जेव्हा त्या एका हरणापुढे त्याला ना पूजा दिसेना, ना इतर कोणी. त्यामुळे परीक्षा अशी करता येईल : या प्रेमाने मला जग जास्त दिसायला लागलंय की कमी? ताईला पहिल्या दिवशी एक पेटी दिसत होती, तिसऱ्या दिवशी सहाही दिसत होत्या. तिचं लेकीवरचं प्रेम मधल्या काळात कमी झालं होतं, असं कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट राहून राहून मनात येते. या ओव्या सांगणारा कोण होता? विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले, संन्यास घेतला, आणि गुरूंनीच त्यांना संसारात परत पाठवलं. मग चार मुलं झाली. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून त्यांना वाळीत टाकलं गेलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. पोरकी झालेली ही भावंडं पुढे नेवाशाला आली. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरी सांगताना माऊलींचं वय जेमतेम पंधरा-सोळा. घर सोडून पळणं म्हणजे अनासक्ती नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल? त्याची किंमत मुलं कशी मोजतात हे त्यांनी अंगावर सोसलं होतं. त्यांनीच आईबापांना झाड व्हायला सांगितलं. आणि महाराष्ट्र त्यांना पंडित म्हणून नाही, माऊली म्हणून हाक मारतो.

सगळं सुटलंय असं नाही. ताईची प्रसूती रजा २६ आठवड्यांची. त्यानंतर बाळ पाळणाघरात, आणि तिला आत्तापासूनच धास्ती आहे : ‘मी नसताना तिला कोणी नीट घेईल का?’ यातली निम्मी काळजी आहे, ती असायलाच हवी. पाळणाघर बघून, चौकशी करून, दोनदा जाऊन पाहूनच निवडायचं. उरलेली निम्मी म्हणजे ‘माझ्यासारखं कोणीच घेणार नाही’ हा भाव. तो हळूहळूच सुटेल. ताईला कोणी घाई करू नये असं मला वाटतं. झाडसुद्धा एका पावसाळ्यात सावली देण्याएवढं होत नाही.

बाळ सहाव्या दिवशी घरी आलं. बाराव्या दिवशी बारसं झालं. तिच्या आत्याने कानात नाव सांगितलं, कुर्र झालं. नाकाचा वाद अजून चालू आहे. शिरूरच्या पुढच्या त्या बाळाचं वजन ताई फोन करून विचारत असते.

आजच्यासाठी एक छोटा अभ्यास. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त जीव आहे, त्या माणसाचं नाव मनात घ्या. त्याच्यासाठी आज जे कराल ते पूर्ण मनाने करा, त्यात काटकसर नको. मग तेच काम, छोट्या प्रमाणात का होईना, अशा एका माणसासाठी करा ज्याच्याशी तुमचं काही नातं नाही. डबा, फोन, रुग्णालयातला एक तास, काहीही. आणि रात्री हरिपाठ म्हणताना बघा, कुंपणाची एखादी काठी हलली का.

राम कृष्ण हरी.